आंब्याचा कॉब्लर आणि अम्मींचा विस्तव

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी एका रात्री आमच्या दापोली तालुक्यात वळवाचा पाऊस आला आणि त्याबरोबर वारा. सकाळी फज्रनंतर आम्ही बागेत गेलो, तर झाडांखाली आंब्यांचा सडा पडलेला. हापूस होता, रायवळ होता. पडलेला आंबा पेटीत भरता येत नाही. मार लागलेली जागा दोन दिवसांत काळी पडते आणि शेजारच्या चार आंब्यांनाही बिघडवते. कॅनिंगला द्यावा तर त्या दिवशी सगळ्या गावाचाच आंबा पडलेला, म्हणून भाव उतरलेला. वर्षभर झाडाला जपायचं आणि शेवटच्या आठवड्यात हे असं! पण कोकणात राहणाऱ्याला हे नवीन नाही.

आम्ही दोघी जावांनी सहा टोपल्या आंबे घरी आणले. दोन टोपल्या शेजारीपाजारी गेल्या. आमरस झाला, मुरंबा झाला. आंबापोळीला कडक ऊन लागतं आणि ऊन तर ढगाआड गेलेलं. तीन टोपल्या तशाच उरल्या. अन्न फुकट घालवणं आमच्या सासूबाईंना, म्हणजे अम्मींना, अजिबात खपत नाही. पडवीत बसून त्या एकेक आंबा हातात घेऊन दाबून पाहत होत्या.

त्याच सुमारास आमची मोठी नणंद अमेरिकेहून आली होती, सोबत तिची चौदा वर्षांची मुलगी. ती लोकं अटलांटाला राहतात. मुलीला मराठी समजतं, पण बोलताना अडखळते. अम्मींना इंग्रजीचा गंध नाही. नानी आणि नात एकमेकींकडे पाहून हसायच्या, त्यापुढे गोष्ट जात नव्हती. त्या सकाळी टोपल्यांकडे पाहून ती म्हणाली, “मामी, आपण कॉब्लर करू या ना!”

कॉब्लर म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे, आणि तो करताना झालेल्या चुकाही ठाऊक आहेत. म्हणून हा लेख.

कॉब्लर म्हणजे नेमकं काय?

खोलगट भांड्यात तळाला फळांच्या फोडी, थोडी साखर, थोडं लिंबू. त्यावर लोणी घालून सैलसर मळलेल्या पिठाचे गोळे चमच्याने सोडायचे आणि भांडं भट्टीत ठेवायचं. खाली फळं आपल्याच रसात शिजतात, वर पीठ फुगून सोनेरी होतं. वाढताना चमच्याने खालपासून वर घ्यायचं म्हणजे रस, फळ आणि वरचा खुसखुशीत थर एकाच घासात येतात. पारी लाटणं नाही, साचा नाही, सजावट नाही. वरचा भाग खडबडीतच दिसतो. दगड बसवलेल्या जुन्या रस्त्यासारखा दिसतो म्हणून हे नाव पडलं असावं, असं काही जण म्हणतात.

हा पदार्थ अमेरिकेचा. इंग्लंडहून तिकडे गेलेल्या लोकांना पाय आणि पुडिंगची सवय होती, पण नव्या मुलुखात धड भट्टी नाही आणि नेहमीचं सामानही नाही. मग जे हाताशी होतं त्यावर त्यांनी भागवलं. १८३९ साली लेटिस ब्रायन या बाईंचं केंटकीच्या गृहिणींसाठीचं पाकपुस्तक निघालं. त्यात पीचच्या एका पदार्थाला लोक कॉब्लर म्हणतात, असा उल्लेख सापडतो. १८५९ साली अमेरिकी शब्दांच्या एका कोशातही हा शब्द आला. तेव्हा कॉब्लर जाड पिठाचं अस्तर लावलेल्या भांड्यात भाजत. पुढे खालचं अस्तर गेलं आणि वरचा थर राहिला.

दक्षिणेकडच्या राज्यांत कॉब्लर म्हटला की पीचचाच. जॉर्जिया राज्याची तर पीच ही ओळखच आहे. हिमाचल आणि उत्तराखंडहून उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या बाजारात येणारं आडू म्हणजेच पीच. मूळ चीनचं हे झाड इराणमार्गे पश्चिमेकडे गेलं. त्यामुळे युरोपीय लोकांना ते इराणचंच वाटलं आणि शास्त्रीय नावात ‘पर्सिका’ कायमचं बसलं. अमेरिकेत ते सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी नेलं. एका फळाचा हा प्रवास पाहिला की आंब्याचा कॉब्लर करताना आपण काही वावगं करतो आहोत असं वाटत नाही.

आमचा पहिला कॉब्लर

पहिला कॉब्लर पार फसला. कारणं सांगतो, म्हणजे तुमचं नुकसान टळेल.

मुलीकडे तिच्या अटलांटाच्या शेजारच्या आजींनी दिलेली कृती होती. त्यात लिहिलेलं, वर ‘बिस्किट’चा थर द्या. आमच्यापैकी धाकटीने लगेच ग्लुकोज बिस्किटांचा पुडा फोडला. मुलगी हसून लोटपोट झाली. अमेरिकेत बिस्किट म्हणजे बेकिंग पावडर घातलेला मऊ, फुगलेला पाव. आपल्या बिस्किटाला ते लोक कुकी म्हणतात.

दुसरी गोष्ट कपाची. आम्ही घरातला चहाचा कप घेतला. त्यांचा मापाचा कप साधारण २४० मिलिलिटरचा, आपला चहाचा कप त्याहून बराच लहान. पीठ चहाच्या कपाने घेतलं आणि ताक मापाच्या कपाने, त्यामुळे पिठाचं पातळ घावनाचं पीठ झालं. ‘एक स्टिक बटर’ म्हणजे ११३ ग्रॅम, हेही नंतर कळलं.

तिसरी चूक सर्वांत मोठी. कृतीत उष्णता लिहिली होती ३७५. आमच्या छोट्या ओव्हनचा आकडा २५० वर संपतो. तिला वाटलं, ओव्हन कमी ताकदीचा आहे, म्हणून तिने बटण शेवटपर्यंत फिरवलं. ते ३७५ फॅरनहाइटचं माप होतं, म्हणजे आपल्या सेल्सिअसमध्ये १९०. पंधरा मिनिटांत वरचा थर काळा आणि खाली कच्चं पीठ. शिवाय आंबे आम्ही आमरसाला घेतो तसे अगदी पिकलेले घेतले होते, त्यांचा तळाला पाक झाला.

अम्मींनी एक चमचा चाखला. काही बोलल्या नाहीत. फळ फुकट गेलं याचं वाईट वाटलं असावं. मुलगी मात्र रडवेली झाली. तिला नानीला काहीतरी स्वतःच्या हातचं खाऊ घालायचं होतं.

वीज गेली तेव्हा

दोन दिवसांनी खेडहून पाहुणे येणार होते, लहान-मोठे मिळून अकरा जण. आम्ही ठरवलं, या वेळी मापं नीट काढून दुप्पट कॉब्लर करायचा. आंबे कापून झाले, पीठ तयार झालं, ओव्हन तापत ठेवला आणि आभाळ गडगडलं. वीज गेली. कोकणात वळवाच्या दिवसांत गेलेली वीज कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. फळांना रस सुटत होता. अस्रची वेळ होऊन गेलेली, मगरीबपर्यंत पाहुणे येणार.

अम्मींनी पडवीतून विचारलं, “काय झालं गो?” मुलीने तिच्या तोडक्यामोडक्या मराठीत सांगितलं, “नानी, ओव्हन बंद. खालून गरम पायजे, वरून पण गरम पायजे.”

अम्मी उठल्या. “एवढंच ना? मग दम द्या त्याला.”

बिर्याणीला दम देताना झाकणावर निखारे ठेवतात, हे आपल्या घरांत कोणाला सांगायला नको. आमच्या लहानपणी रव्याचा केकही असाच व्हायचा आणि काकडीचं धोंडसही. खाली थोडा विस्तव, वर जास्त. पण गॅस आला, ओव्हन आला आणि ते हात थांबले. आम्हा दोघींना दम देता येतो तो गॅसवर, तवा ठेवून. निखाऱ्यांवर भाजणं अम्मींशिवाय घरात कोणाला येत नव्हतं.

त्यांनी मागच्या अंगणात तीन दगड मांडले. नारळाच्या करवंट्या पेटवून त्यांचे निखारे होऊ दिले. माळ्यावरचा तांब्याचा टोप उतरवला आणि आत बोट फिरवून कलई शाबूत आहे ना ते आधी पाहिलं. आंबट पदार्थ उघड्या तांब्याला लागता कामा नये, म्हणून. मग फळं टोपात घालून आधी ज्वाळेवर खदखदू दिली. “फळ गार असताना वर पीठ टाकलंत तर पीठ खालून कच्चंच राहणार,” त्या म्हणाल्या. आमच्या पहिल्या कॉब्लरचा दोष त्यांनी न विचारता सांगितला. त्यांनी कॉब्लर कधी पाहिलाही नव्हता.

पीठ सोडून झाल्यावर टोपावर खोलगट ताट बसवलं, त्यावर निखारे. खालचे बरेचसे निखारे चिमट्याने काढून वर ठेवले. “जेवढे खाली, त्याच्या दुप्पट वर.” मुलगी टक लावून पाहत होती. मग म्हणाली, “मामी, धिस इज अ डच ओव्हन!”

खरंच तसं होतं. अमेरिकेत पश्चिमेकडे निघालेली कुटुंबं बैलगाड्यांवर लोखंडी बिडाचं एक भांडं नेत. त्याला तीन पाय असत, म्हणजे खाली निखारे सारता यावेत, आणि झाकणाला उभी कड असे, म्हणजे वर ठेवलेले निखारे घसरू नयेत. पाव, कॉब्लर, सगळं त्यातच भाजत. आजही तिकडे तळ ठोकून राहणारे हौशी लोक त्या भांड्यात भाजताना एक भाग निखारे खाली आणि दोन भाग वर, असाच हिशेब धरतात. अम्मींचा ‘दुप्पट वर’ आणि त्यांचा हिशेब एकच. दोन्हीकडच्या बायकांपुढे अडचण एकच होती, भट्टी नाही. तोडगाही एकच निघाला.

पंचवीस मिनिटांनी अम्मींनी ताट उचललं. वरचे गोळे फुगून एकमेकांना टेकले होते, रंग अजून फिका होता. ताज्या निखाऱ्यांची आणखी एक फेरी वर दिली. दहा मिनिटांनी सोनेरी रंग आला आणि कडेने केशरी रस बुडबुडू लागला. करवंटीच्या धुराचा किंचित वास त्याला लागला होता. ओव्हनमध्ये तो कधीच आला नसता. पाहुण्यांनी टोप पुसून खाल्ला. वीज रात्री अकराला आली.

घरी करायचा तर

ही मापं सहा ते आठ जणांसाठी आहेत. कप म्हणजे २४० मिलिलिटरचा. वजनकाटा असेल तर तोच वापरा.

फळांसाठी: पिकलेले पण घट्ट आंबे साधारण १ किलो (सालं आणि बाठे काढून ६०० ते ६५० ग्रॅम फोडी), साखर ३ ते ४ टेबलस्पून, लिंबाचा रस १ टेबलस्पून, कॉर्नफ्लोअर दीड टेबलस्पून, वेलची पूड अर्धा टीस्पून, चिमूटभर मीठ.

वरच्या थरासाठी: मैदा १५० ग्रॅम (सव्वा कप), साखर २ टेबलस्पून, बेकिंग पावडर दीड टीस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून, मीठ पाव टीस्पून, गार लोणी ७५ ग्रॅम, गार घट्टसर ताक १०० मिलिलिटर.

१. ओव्हन १९० सेल्सिअसवर तापत ठेवा. फोडी मोठ्या, अंगठ्याएवढ्या करा. त्यांत साखर, लिंबू, कॉर्नफ्लोअर, वेलची, मीठ मिसळून खोलगट भांड्यात घाला. भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं घ्या. रस उतू जातो, म्हणून भांडं काठोकाठ भरू नका.

२. फळं एकटीच १० ते १५ मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. कडेने रस उकळू लागला पाहिजे. ही पायरी टाळू नका.

३. तोवर मैदा, साखर, बेकिंग पावडर, सोडा, मीठ एकत्र चाळा. गार लोण्याचे तुकडे बोटांच्या टोकांनी पिठात चोळा. वाटाण्याएवढे काही खडे राहू द्या. भाजताना तेच लोणी वितळतं, त्याची वाफ होते आणि थर हलका होतो. विकतचं खारं बटर असेल तर वेगळं मीठ घालू नका.

४. ताक घालून चमच्याने जेमतेम एकत्र करा. मळू नका. मळलं की थर चिवट होतो. पीठ सैल आणि ओबडधोबडच हवं.

५. उकळत्या फळांवर मोठ्या चमच्याने गोळे सोडा. मध्ये फटी राहू द्या, वाफेला वाट लागते. वरून थोडी साखर भुरभुरवा.

६. २५ ते ३० मिनिटं भाजा. वरचा रंग सोनेरी आणि मधल्या फटींतूनही रसाला दाट बुडबुडे आले पाहिजेत. नुसते कडेचे बुडबुडे पुरेसे नाहीत, मध्ये उकळी आल्याशिवाय कॉर्नफ्लोअर रसाला दाटपणा देत नाही. एका गोळ्यात काडी घालून पाहा, ओलं पीठ चिकटता कामा नये.

७. बाहेर काढून अर्धा तास थांबा. हे सर्वांत अवघड! पण गरम रस पातळ असतो, निवताना घट्ट होतो. कोमट वाढा, वर घरची साय किंवा गार बासुंदी. मुलांना आइस्क्रीम हवंच असतं.

निखाऱ्यांवर करायचा असेल तर कलईचा किंवा जाड बुडाचा टोप घ्या आणि वर सांगितल्याप्रमाणे एक भाग खाली, दोन भाग वर ठेवा. हे काम उघड्या अंगणातच करा. बंद स्वयंपाकघरात कोळसा पेटवू नका, त्याचा न दिसणारा वायू जीवघेणा असतो.

ओव्हन नाही आणि अंगणही नाही, तर गॅसवर झाकण ठेवून मंद आचेवर करता येतो. वरचा थर तेव्हा भाजला जात नाही, वाफेवर शिजून पांढरा आणि मऊ राहतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात असाच चुलीवर झाकून केलेला प्रकार आहेच. त्याला ‘ग्रंट’ म्हणतात, शिजताना तो जो आवाज करतो त्यावरून. तेव्हा पांढरा राहिला तर फसला असं समजू नका, ग्रंट झाला म्हणा. थोडा रंग हवा असेल तर झाकणावर चांगला तापलेला लोखंडी तवा ठेवा.

कोणतं फळ, कोणत्या महिन्यात

कॉब्लर हंगामाचा पदार्थ आहे. घरात जे फळ जास्त झालं आहे त्याचाच तो करावा. मे-जूनमध्ये आंबा, आडू, आलुबुखारा. आडूची सालं काढायची तर उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून लगेच गार पाण्यात घाला, सालं हाताने निघतात. आलुबुखारा आंबट, त्याला साखर थोडी जास्त. पावसाळ्यानंतर सफरचंद. ते घट्ट, म्हणून फोडी पातळ आणि आधीचं भाजणं वीस मिनिटं. वेलचीऐवजी दालचिनी. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, तिला रस फार सुटतो, म्हणून कॉर्नफ्लोअर २ टेबलस्पून. पेरू आम्ही केला, बिया काढून आणि लिंबू वाढवून, छान झाला. जांभळाचा रंग अप्रतिम, पण बिया काढता काढता जीव जातो. चिकू आम्हाला जमला नाही, गोडावर गोड होतो आणि लगदा होतो.

मार लागलेली फळं चालतात, डाग कापून टाका. सडलेली, बुरशी आलेली मात्र नाही. घरात मधुमेह असेल तर आंब्यात साखर घालूच नका, आणि वाटी लहान ठेवा. आंबा स्वतःच गोड असतो, मैद्याचीही शेवटी साखरच होते.

पुड्यावर काय लिहिलंय ते वाचा

परदेशातल्या मुलामुलींना हा लेख पाठवणाऱ्या बहिणींसाठी दोन शब्द. अमेरिकेत पाय आणि कॉब्लरच्या जुन्या कृतींत पिठाला डुकराची चरबी चोळत, तिला ते ‘लार्ड’ म्हणतात. १९११ साली वनस्पती तेलाचं क्रिस्को बाजारात आलं, तरी आजही काही तयार पारींत लार्ड असतं. पुड्यावरचं सामान वाचल्याशिवाय घेऊ नये. घरी लोणी घातलं की हा प्रश्नच उरत नाही.

दुसरं, व्हॅनिला. अमेरिकेत ज्या बाटलीवर ‘व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट’ लिहिलेलं असतं, त्यात कायद्याने किमान ३५ टक्के अल्कोहोल असावंच लागतं. काही कृतींत फळांवर बर्बन नावाची दारूही घालायला सांगतात. पहिल्याबद्दल कोणाला शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावं, दुसरी तर सरळ वगळावी. आम्ही व्हॅनिला घालतच नाही. आंब्याला वेलची आणि आडूला जायफळ, यापुढे व्हॅनिलाची आठवण येत नाही. जिलेटिनची गरज कॉब्लरला पडतच नाही.

वही

मुलीने आम्हाला एका बाईंची गोष्ट सांगितली. त्यांचं नाव ॲबी फिशर. दक्षिण कॅरोलिनात गुलामगिरीत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय बाई पुढे अलाबामातून सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या. तिथे त्यांनी लोणची आणि मुरंब्यांचा धंदा उभा केला आणि १८७९ व १८८० सालच्या प्रदर्शनांत पदकं मिळवली. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. ओळखीच्या बायकांनी आग्रह केला, फिशरबाईंनी तोंडाने सांगितलं, दुसऱ्यांनी लिहून घेतलं आणि १८८१ साली त्यांचं पाकपुस्तक छापलं गेलं. दीडशेहून अधिक पदार्थ, त्यांत पीचचा कॉब्लरही. त्या वेळी कोणी लिहून घेतलं नसतं तर ते हात गेले तसं ते ज्ञानही गेलं असतं. किती जणींचं तसं गेलं असेल!

हे ऐकून आम्ही दोघी गप्प झालो. अम्मींची एकही कृती आमच्या घरात लिहिलेली नाही. धोंडस, रव्याचा केक, निखाऱ्यांचा हिशेब, सगळं त्यांच्या हातात. आणि गेल्या दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. आम्ही रोज पाहत होतो, पण त्याचा हा अर्थ मनात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलीने दुकानातून दोनशे पानी वही आणली. अम्मी मापं सांगतात ती मुठीची. “चार मुठी मैदा घे.” मुलीने वजनकाट्यावर वाडगा ठेवला आणि म्हणाली, “नानी, तू घाल.” अम्मींनी चार मुठी घातल्या. थोडं पीठ बोटांतून काट्याबाहेर सांडलं, ते मुलीने गोळा करून वाडग्यात टाकलं. आकडा आला १५८. तिने पुन्हा घालायला लावलं, मग पुन्हा. तिन्ही वेळा १५५ ते १६० च्या मध्ये. आमच्या पहिल्या कॉब्लरला दोन कप आणि एक ओव्हन असूनही माप जुळलं नव्हतं.

त्या सुट्टीत वहीची तेवीस पानं भरली. आपा सांगत, मुलगी इंग्रजीत लिहिते आणि समोरच्या पानावर आम्ही मराठीत. प्रत्येक कृतीत दोन मापं आहेत, ग्रॅमचं आणि मुठीचं. मुलगी परत गेल्यावरही दर रविवारी फोनवर अम्मींना विचारून एक पान वाढतं. मराठी अजून अडखळतंच, पण “विस्तव”, “कलई”, “करवंटी” हे शब्द तिला आता पक्के आले आहेत.

आपल्या घरातही अशी एखादी मूठ असेल. या हंगामात फळ जास्त झालं तर कॉब्लर करून पाहा. मैदा मात्र घरातल्या सर्वांत जुन्या हाताने घालून घ्या, आणि खाली काटा ठेवायला विसरू नका.